भुतांच्या गराड्यातलं आत्मचित्र: जेम्स एन्सोर आणि संत अँथनीचे मोह

ओली_वाळू

मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, आज रविवार आहे, बाहेर पाऊस लागलाय, म्हटलं आता लिहूनच टाकू.

मी बेल्जियममध्ये घेंटला राहते. इथून ओस्टेंड ट्रेननं तासाभराच्या आत येतं. उत्तर समुद्राकाठचं गाव, उन्हाळ्यात सगळं ब्रुसेल्स तिथे लोटतं आणि हिवाळ्यात वारा नि सीगल पक्षी सोडले तर फारसं कुणी नसतं. जेम्स एन्सोर हा चित्रकार तिथलाच, १३ एप्रिल १८६० चा जन्म, आणि ब्रुसेल्सच्या अकादमीतली तीन वर्षं सोडली तर जवळजवळ सगळं आयुष्य (१९४९ ला गेला) त्यानं त्या एकाच गावात काढलं. आईकडच्यांचं दुकान होतं. शंखशिंपले, वाळवलेले मासे, चिनी भांडी आणि कार्निव्हलचे मुखवटे. वरच्या माळ्यावर याचा स्टुडिओ. म्हणजे चित्र काढायला जाताना आणि जेवायला खाली येताना रोज मुखवटे समोर. त्यानं स्वतः सांगून ठेवलेली एक आठवण आहे, की तान्हा असताना खोलीतल्या दिव्याच्या उजेडाला भुलून एक मोठा समुद्रपक्षी खिडकीतून आत घुसला आणि पाळण्यावर आदळला. खरी आठवण असेल किंवा मागून रचलेली असेल, पण त्याच्या चित्रांत जे फडफडतं ते मला तिथूनच आल्यासारखं वाटतं.

तर मुद्दा. त्याचं १८९५ चं एक एचिंग (धातूच्या पत्र्यावर अ‍ॅसिडनं रेघा खाऊन छापलेलं चित्र) आहे, मूळ रेखाचित्र १८८८ चं. आकारानं जेमतेम पोस्टकार्डाएवढं. मध्ये तो स्वतः, दाढी, रोजच्या वापरातला कोट, आणि चहूबाजूंनी भुतं. चोची, नखं, सुजलेली तोंडं, कोण कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं तेच कळत नाही. त्याचं डोकं कसंबसं त्या गर्दीतून वर आलंय. आणि तो ओरडत नाहीये! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा याच गोष्टीनं थांबवलं मला.

ज्यांनी जुनी युरोपियन चित्रं बघितली आहेत त्यांना ही मांडणी लगेच ओळखू येईल. ही संत अँथनीची जागा आहे. इजिप्तचा अँथनी, तिसऱ्या-चौथ्या शतकातला संन्यासी, आईबाप गेल्यावर जमीनजुमला वाटून टाकला, वाळवंटात गेला, थडग्यात राहिला, आणि तिथे भुतांनी त्याला इतकं मारलं की गावकऱ्यांनी मेला समजून उचलून आणला. शुद्ध आल्यावर हा म्हणतो, मला परत तिथेच नेऊन ठेवा. मार्टिन शोनगाउअर या जर्मन चित्रकारानं साधारण १४७० ते ७५ च्या दरम्यान त्याचं एनग्रेव्हिंग (धातूवर हातानं कोरून छापलेलं चित्र) केलं, भुतांनी संताला हवेत उचललंय आणि जो तो त्याला ओढतोय. ते इतकं गाजलं की मायकेलअँजेलोनं पोरवयात त्याच्यावरून चित्र रंगवलं, आणि भुतांच्या अंगावरचे खवले नीट जमावेत म्हणून चित्रविचित्र खवल्यांचे मासे विकत आणले असं त्याचा चरित्रकार वासारी सांगतो. ते चित्र आता टेक्ससमध्ये फोर्ट वर्थच्या किंबेल म्युझियममध्ये आहे.

एन्सोरनं १८८७ मध्ये अँथनी दोनदा काढला, एकदा तैलरंगात (ते न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या म्युझियममध्ये आहे) आणि एकदा कागदावर प्रचंड मोठा. आणि पुढच्याच वर्षी संताला बाजूला करून त्या जागी स्वतः उभा राहिला.

माझा आत्तापर्यंतचा समज असा की ही भुतं म्हणजे टीकाकार. त्याला कारणं आहेत. १८८६ च्या एका क्रूसाच्या चित्रात त्यानं येशूच्या डोक्यावरच्या पाटीवर स्वतःचं आडनाव घातलंय आणि भाला खुपसणारा माणूस म्हणजे फेटिस नावाचा टीकाकार. १८९६ च्या 'धोकादायक आचारी' या चित्रात तर याचं मुंडकं ताटात घालून वाढायला चाललेत. पण मग एक प्रश्न मला सोडत नाही. अँथनीच्या गोष्टीला सगळे 'मोह' म्हणतात. या चित्रात मोह कुठाय? बाई नाही, सोनं नाही, पंगत नाही. नुसता छळ आहे. मग हा नेमका कुठला अँथनी?

तुम्हाला काय वाटतं ते सविस्तर लिहा.

---

पाचूबंदरकर

ताई, सुंदर विषय. मी वसईचा, कॅथलिक, त्यामुळे आधी एक गोष्ट स्पष्ट करतो कारण आमच्याकडचेच लोक इथे गोंधळतील. आमच्या वसईत आणि गोव्यात संत अँथनी, सांत आंतोन म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो पादुआचा, हातात बाळ येशू, हरवलेली वस्तू सापडावी म्हणून ज्याला नवस बोलतात, सण १३ जूनला. तो जन्मानं लिस्बनचा आणि तेराव्या शतकातला. ओली_वाळू म्हणताहेत तो अँथनी त्याच्या कितीतरी आधीचा, मठवासी लोकांचा आद्यपुरुष, सण १७ जानेवारीला, खुणा म्हणजे इंग्रजी टी सारखा क्रूस, घंटा आणि पायाशी डुक्कर. माझी आजी दोघांना एकच समजायची आणि मी लहानपणी तिला विचारलेलं आठवतं की बाळाला कडेवर घेतलेल्या माणसाला भुतं कशाला मारतील.

आता तुमचा मोह की छळ हा प्रश्न. हा मुळात भाषेचा प्रश्न आहे. ग्रीकमध्ये जो शब्द आहे 'पेइरास्मोस', त्याचा अर्थ आधी कसोटी, परीक्षा, आणि मग मोह. लॅटिनमध्येही तेच, एकाच शब्दात दोन्ही. प्रभूच्या प्रार्थनेची ओळ मराठी बायबलमध्ये 'आम्हांला परीक्षेत आणू नको' अशी आहे, आणि आमच्या तोंडी 'मोह' असतो. लहानपणी मला हे दोन वेगळे अपराध वाटायचे. म्हणून अँथनीच्या चित्रांत काही ठिकाणी बाई दिसते आणि काही ठिकाणी सोटे दिसतात, आणि दोन्हीला नाव एकच.

आणि भुतं हा शब्द तुम्ही वापरलात ते बरं केलंत. सैतान एक असतो. भुतं पुष्कळ.

---

तांब्याची_प्लेट

मी प्रिंटमेकर आहे, एचिंग शिकवतो, त्यामुळे चित्राच्या त्या अंगाबद्दल लिहितो. ही प्रिंट प्रत्यक्ष हातात घेतलेली नाही, मोठा करून फोटो बघितला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तांब्याचा पत्रा घ्यायचा, त्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, आम्ही ग्राउंड म्हणतो, मग सुईनं त्या थरावर ओरखडत चित्र काढायचं म्हणजे तिथलं तांबं उघडं पडतं, मग प्लेट अ‍ॅसिडमध्ये. जितका वेळ ठेवाल तितकी रेघ खोल खाल्ली जाते, आणि जितकी खोल तितकी छापताना काळी. नंतर शाई भरून पुसायची, आणि ओला केलेला कागद प्लेटवर घालून प्रेसखाली. म्हणजे चित्रातला प्रत्येक काळेपणा हा वेळेचा निर्णय असतो.

आता बहुतेक लोक काय करतील, स्वतःचा चेहरा ठसठशीत काढतील आणि मागची गर्दी फिकट सोडतील, किंवा उलट. एन्सोर तसं करत नाही. त्याची रेघ तारेसारखी बारीक, थरथरती, आणि तीच रेघ चेहऱ्याला तीच भुतांना. कोट संपतो कुठे आणि पंजा सुरू होतो कुठे हे ओली_वाळूंना कळलं नाही, कारण ते तसंच काढलंय. माझ्या दृष्टीनं चित्राचा अर्थ या रेघेत आहे. भुतं बाहेरून आलेली असती तर त्यांची रेघ वेगळी असती.

अजून एक. त्यानं एचिंग सुरू केलं १८८६ ला आणि एकूण सव्वाशेच्या वर प्लेट्स केल्या. कारण काय, तर त्याला धास्ती होती की रंगवलेली चित्रं टिकणार नाहीत, कॅनव्हास कुजेल, रंग उडतील, लोक नासधूस करतील. तांबं टिकतं. म्हणजे ज्या माणसाला आपण पुसले जाऊ अशी भीती वाटते तो आपली भुतं टिकाऊ धातूवर काढून ठेवतो.

आत्मचित्राबद्दल वर्गात मी नेहमी सांगतो ती गोष्ट, आरशात बघून थेट प्लेटवर चेहरा काढला तर आरशानं उलटा केलेला चेहरा छापताना परत उलटा होतो आणि सुलट बसतो. म्हणजे प्रिंटमध्ये आपण स्वतःला तसे दिसतो जसे लोकांना दिसतो. इथे आधीचं रेखाचित्र आहे त्यामुळे नेमकं हेच झालं असं मी म्हणणार नाही, पण एचिंगमध्ये स्वतःला काढणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हे असतंच.

---

अळंबी

कला हा माझा विषय नाही, मी बुरशीवर काम करते, पण एन्सोरचं नाव आमच्या क्षेत्रातही येतं म्हणून राहवलं नाही.

ब्रुसेल्समध्ये रूसो कुटुंब त्याचं जवळचं होतं. नवरा एर्नेस्ट रूसो शास्त्रज्ञ, आणि बायको मारिएट ही चांगली नावाजलेली बुरशीतज्ज्ञ. एकोणिसाव्या शतकात बाई आणि बुरशीतज्ज्ञ, विचार करा. एन्सोरचं त्यांच्या घरी सतत जाणंयेणं होतं. त्यामुळे १८८७ च्या मोमामधल्या अँथनीतले ते तरंगणारे जीव बघितले की मला भुतं दिसतच नाहीत, मला सूक्ष्मदर्शकाखालची स्लाइड दिसते. तंतू, पिशव्या, शेपट्या असलेले गोळे, पारदर्शक पोटं. आणि तो काळही तसाच होता, रोगाचं कारण डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत हे युरोपला नुकतंच पटायला लागलेलं.

आणि अँथनीशी बुरशीचं नातं तर फार जुनं आहे! मध्ययुगात 'संत अँथनीची आग' नावाचा रोग होता, हातपाय जळाल्यासारखे काळे पडून गळायचे, माणसाला भास व्हायचे. तो राय धान्यावर पडणाऱ्या अर्गट बुरशीमुळे होतो. अँथनीच्या नावानं चालणाऱ्या मठांत हे रोगी यायचे. ग्र्यूनेवाल्ड या जर्मन चित्रकाराचं इझेनहाइमचं वेदीचित्र (१५१२ ते १६, आता फ्रान्समध्ये कोल्मारला आहे) अशाच मठाच्या रुग्णालयासाठी रंगवलेलं, आणि त्यात अँथनीला भुतं छळताहेत त्या फळीवर कोपऱ्यात एक फुगलेल्या पोटाचा, अंगभर फोड आलेला जीव पडलाय. रोग्यांनी त्यात स्वतःलाच बघितलं असणार. तेव्हा संताच्या चित्रात सामान्य माणसानं स्वतःला बघणं ही एन्सोरची नवी कल्पना नाही, फक्त आधी बघणारा करायचा ते त्यानं काढणारा म्हणून केलं.

---

मिशिगनकाठ

वा अळंबी, शेवटचं वाक्य फार आवडलं.

मी शिकागोला असतो, आणि एन्सोरचा तो कागदावरचा मोठा अँथनी इथल्या आर्ट इन्स्टिट्यूटनं २००६ ला घेतला. कागद असल्यामुळे उजेडानं खराब होतो म्हणून एरवी भिंतीवर नसतो, पण २०१४ च्या शेवटी प्रदर्शन लागलेलं तेव्हा मी दोनदा जाऊन बघितला. साधारण एकशेऐंशी सेंटिमीटर उंच, म्हणजे माझ्यापेक्षा उंच. आणि तो एक कागद नाहीये, ५१ कागद जोडलेत! रंगीत पेन्सिली, कोळसा, पेस्टल, जलरंग, कुठे खरवडलंय, कुठे कापून चिकटवलंय. जवळ गेलं की जोड दिसतात. लांबून एक राक्षसी दृश्य, आणि जवळून एकेका पानावर एकेक वेगळी चित्रविचित्र गोष्ट चाललेली. मी एका कोपऱ्यापाशी वीस मिनिटं उभा होतो आणि अर्धंही बघून झालं नाही. हे चित्र वहीच्या पानांसारखं वाढत गेलंय, एक भूत आलं, मग दुसरं आलं, जागा संपली, अजून कागद जोड.

आता एक योगायोग सांगतो जो मला तिथे उभं असतानाच सुचला. १८८७ च्या फेब्रुवारीत ब्रुसेल्सला 'ले व्हँ' म्हणजे 'वीस जण' या गटाचं प्रदर्शन होतं, एन्सोर त्या गटाच्या संस्थापकांतला. त्या वर्षी पाहुणा म्हणून फ्रेंच चित्रकार जॉर्ज सरा आला आणि त्याचं ते नदीकाठच्या रविवारचं ठिपक्याठिपक्यांचं अवाढव्य चित्र लागलं. गटातले बरेच जण सराच्या मागे गेले, ठिपके काढायला लागले. एन्सोर एकटा पडला. त्याच वर्षी त्याचे वडील वारले, दारूनं पूर्ण पोखरलेले. त्याच वर्षी हा ५१ कागदांचा अँथनी. आणि आज ते सराचं चित्र आणि हा अँथनी एकाच इमारतीत आहेत. सरापुढे रोज गर्दी, आणि अँथनी खाली अंधारात खोक्यात.

---

जुना_वाचक

सगळे प्रतिसाद वाचले. मी थोडं वेगळं बोलणार आहे, ओली_वाळूताईंनी राग मानू नये.

मला या आत्मचित्राचा त्रास होतो. संत अँथनी सगळं देऊन टाकून वाळवंटात गेला होता, कुणी बघू नये म्हणून. आणि हा गृहस्थ टीका वाईट आली म्हणून स्वतःला कधी क्रूसावर चढवतो, कधी ताटातलं मुंडकं करतो, कधी अँथनी. टीका कुणाला होत नाही? नाकारलं कुणाला जात नाही? मी पण तीस वर्षं लिहितो, मला नाकारलेल्याची एक फाईल आहे, मी स्वतःला हुतात्मा समजत नाही. दुसऱ्याच्या यातनेचं वस्त्र अंगावर चढवून आरशात बघणं याला मी प्रतीक म्हणणार नाही.

शिवाय हीच भुतं त्यानं १८९८ ला पॅरिसमध्ये आपलं प्रदर्शन झालं तेव्हा पोस्टरवर छापली. 'ला प्ल्यूम' मासिकानं भरवलेलं प्रदर्शन होतं. म्हणजे आपला छळ हीच आपली जाहिरात. ज्याला छळाचा खरोखर त्रास होतो तो त्याचं पोस्टर करत नाही.

---

ओली_वाळू

जुना_वाचक, राग अजिबात नाही. उलट कालपासून तुमचाच प्रतिसाद डोक्यात आहे, रात्री झोपताना पण तेच.

मी आधी एका शब्दावर अडकले होते ते लिहिते, त्यातूनच तुमच्याकडे येते. चित्राच्या फ्रेंच नावात क्रियापद आहे 'त्युर्ल्युपिने'. इथे बहुतेक लेबलांवर त्याचं भाषांतर 'छळणारी भुतं' या अंगानं होतं आणि मीही वर छळ छळ करत बसले. माझ्या फ्रेंच बोलणाऱ्या शेजारणीला विचारलं, साठीच्या आहेत, तर त्या हसल्या. म्हणाल्या, हा शब्द छळाचा नाहीच, नातवंड सारखं कोट ओढतं, एखादी शंका दिवसभर डोकं खाते, त्याला आम्ही हे म्हणतो. मग शोधलं तर त्युर्ल्युपँ हे सतराव्या शतकातल्या पॅरिसच्या एका फार्स करणाऱ्या नटाचं रंगभूमीवरचं नाव. त्याच्या पांचट विनोदांवरून क्रियापद झालं. म्हणजे आपल्याकडे कसं, भंडावणं, पिडणं, सतावणं, खोडी काढणं. यातना नव्हे.

हे कळल्यावर चित्र माझ्यासाठी फिरलंच. अँथनीला मारणारी भुतं नरकातून येतात. याची भुतं फार्समधून आलीत, कार्निव्हलमधून, आईच्या दुकानातून. त्यांच्या नखांना किंमतीची चिठ्ठी बांधलेली असावी अशी. म्हणून तो ओरडत नाहीये. रोजची आहेत ती. तांब्याची_प्लेट म्हणतात तशी एकाच रेघेची, घरचीच.

पण मग जुना_वाचक म्हणतात तो हुतात्म्याचा आव, तो कुठे जातो? तो जात नाही. तो आहेच, क्रूसाच्या चित्रात तर ढळढळीत आहे, मला ते चित्र आवडत नाही हेही सांगते. पण या एचिंगमध्ये शब्द मुद्दाम हलका वापरलाय, संताची जागा घेतली आणि संताचा शब्द घेतला नाही, हे मला फार प्रामाणिक वाटतं.

---

पाचूबंदरकर

त्युर्ल्युपँ कमालच! मी सकाळपासून ते घरी सगळ्यांना सांगतोय.

जुना_वाचक साहेबांच्या मुद्द्यावर एक. अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस यानं अँथनीचं जे चरित्र लिहिलंय (अँथनी ३५६ मध्ये वारला, त्यानंतर लगेचचं आहे ते) त्यात भुतांच्या मारहाणीच्या आधी मोहांची यादी येते. सैतान आधी येऊन काय करतो तर कानात कुजबुजतो. सोडलेली मालमत्ता आठव. बहिणीची जबाबदारी आठव. नातलग. पैसा. खाणंपिणं. आणि त्या यादीत एक आहे कीर्तीची हाव. चित्रकार तेवढं सोडून बाकी सगळं काढतात, कारण बाई काढता येते, सोनं काढता येतं, पण कीर्तीची हाव चित्रात दाखवणार कशी?

मला वाटतं एन्सोरनं ती दाखवली. ताईंनी विचारलेलं ना मोह कुठाय. स्वतःचा चेहरा मध्यभागी, हाच मोह. साहेबांना ज्याचा त्रास होतो तेच चित्राचं पोट आहे.

आणि एक राहिलं. त्याच चरित्रात मार खाऊन पडलेल्या अँथनीला शेवटी वरून उजेड दिसतो आणि तो विचारतो, कुठे होतास तू, सुरुवातीलाच का नाही आलास माझ्या वेदना थांबवायला? उत्तर येतं, मी इथेच होतो, तुझी झुंज बघत होतो. अळंबीताईंनी सांगितलेल्या इझेनहाइमच्या फळीवर खाली कागदाचा तुकडा रंगवलाय त्यावर हाच प्रश्न लॅटिनमध्ये लिहिलाय. फक्त प्रश्न. माझे वडील शेवटी दोन महिने अंथरुणावर होते, तेव्हा रोज रात्री हेच विचारायचे, शब्द वेगळे असायचे. एन्सोरच्या चित्रात वरून उजेड येत नाही. बघणारे आपणच.

---

जुना_वाचक

पाचूबंदरकर, कीर्तीच्या हावेचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. मान्य. मी चित्राला जो दोष देत होतो तो चित्राचा विषय आहे, असं तुमचं म्हणणं, आणि मला ते खोडता येत नाहीये. पोस्टरबद्दल माझं मत मात्र तेच आहे.

वडिलांबद्दल वाचून थांबलो. काळजी घ्या.

---

मिशिगनकाठ

ओली_वाळू, तुमच्या घेंटच्या म्युझियममध्ये बॉश या जुन्या डच चित्रकाराच्या नावानं ओळखलं जाणारं 'क्रूस वाहणारा येशू' आहे ना? मध्ये एक शांत चेहरा, डोळे मिटलेले, आणि बाजूला सगळी कुरूप तोंडं एकमेकांवर दाटलेली. एन्सोरनं तिथूनच घेतलं असेल का?

---

ओली_वाळू

मलाही आधी तसंच वाटलेलं, घेंटला येणाऱ्या प्रत्येकाला मी त्या चित्रापाशी नेते. पण म्युझियमनं ते १९०२ ला घेतलं, आणि एन्सोरचं रेखाचित्र १८८८ चं. त्यामुळे थेट तिथून म्हणता येणार नाही. (आणि ते बॉशचं स्वतःचं नसून त्याच्या मागून आलेल्या कुणाचं असावं असं अभ्यासक आता म्हणतात.) ही गर्दीतल्या एका चेहऱ्याची मांडणी फ्लँडर्सच्या, म्हणजे बेल्जियमच्या या भागाच्या, मातीतच आहे असं मला वाटायला लागलंय.

पण तुम्ही विचारलंत म्हणून मला त्याचं १८९९ चं आत्मचित्र आठवलं, तैलरंगातलं, मुखवट्यांमधलं, ते आता जपानमध्ये कोमाकीच्या मेनार्ड म्युझियममध्ये आहे. तेही हेच. कॅनव्हासभर मुखवटे, खालपासून वरपर्यंत, कवट्याही आहेत, श्वास घ्यायला जागा नाही, आणि मध्ये लाल कोट, फुलं नि पीस लावलेली लाल टोपी घातलेला एन्सोर. टोपी सतराव्या शतकातल्या रुबेन्स या फ्लेमिश चित्रकाराच्या आत्मचित्रांवरून घेतलेली. अकरा वर्षांपूर्वीची भुतं आता दुकानातल्या मालासारखी चकचकीत, गुलाबी, हिरवी, रंगवलेली झालीत. नखं गेलीत. कुणी त्याला ओढत नाही, कुणी त्याच्याकडे नीट बघतही नाही. एचिंगमध्ये निदान त्यांना हा हवा होता.

आणि मग पुढचं सगळ्यांना माहीत असलेलं. १९०० नंतर त्याचा जोर ओसरला, जुनीच चित्रं पुन्हा पुन्हा काढत राहिला. १९१७ ला मामांचं दुकान आणि घर वारशानं मिळालं, तिथे राहायला गेला. १९२९ मध्ये राजानं बॅरन केलं, आणि त्याच वर्षी त्याचं ते सव्वाचार मीटर रुंदीचं येशूच्या ब्रुसेल्स प्रवेशाचं चित्र पहिल्यांदा जाहीरपणे भिंतीवर लागलं, रंगवल्यानंतर चाळीस वर्षांनी. कीर्ती आली. तोवर भुतं निघून गेली होती.

---

तांब्याची_प्लेट

हा धागा वाचून काल वर्गात ते एचिंग पडद्यावर लावलं. नाव सांगितलं नाही. सोळा मुलं होती, विचारलं काय चाललंय चित्रात. तिघांनी सांगितलं छळ. एक मुलगी, कोकणातली आहे, बोलत नाही फारशी, ती म्हणाली, सर हा माणूस एसटीत उभा आहे, गणपतीची गर्दी आहे, आणि याचा स्टॉप अजून लांब आहे.

मग नाव सांगितलं, त्युर्ल्युपँची गोष्ट सांगितली, आणि प्रत्येकाला एक एक तळहाताएवढी प्लेट दिली. पुढच्या बुधवारी अ‍ॅसिडमध्ये टाकू. काय निघतं ते इथे टाकतो, मुलांची परवानगी घेऊन.

---

ओली_वाळू

एसटी!! त्या मुलीला माझ्याकडून सांगा की चित्राचं मराठी नाव शोधत होते ते तिच्यामुळे जवळजवळ मिळालं. 'भुतांनी भंडावलेला' असं आत्ता वहीत लिहिलंय, अजून पक्कं नाही.

बुधवारची वाट बघते. प्लेट्सचे फोटो पण टाका, नुसत्या प्रिंट्स नकोत.